तिसरा अध्याय, सोळावे वचन

डोनल्ड क्नूथ यांचा जन्म १० जानेवारी १९३८ रोजी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकी शहरात झाला. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतून आलेल्या कुटुंबांनी हे शहर वाढवले आणि त्यांच्याबरोबर ल्यूथरपंथही तिथे रुजला. क्नूथ यांचे वडील एर्विन ल्यूथरपंथी शाळेत शिक्षक होते. ते मुलांना हिशेबनिशी शिकवत, चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आणि घरच्या घरी छपाईचा छोटा व्यवसायही करत. गणकशास्त्राच्या इतिहासात क्नूथ यांचे नाव अल्गोरिदमच्या काटेकोर विश्लेषणासाठी आणि संगणकावरच्या अक्षरजुळणीसाठी घेतले जाते. त्यांच्या धर्मश्रद्धेचा या कामाशी कसा संबंध आला, हे समजून घ्यायचे तर त्या घरातूनच सुरुवात करावी लागते. उपासना, ऑर्गन, छापील अक्षर आणि आकडेमोड ही तिथे एकाच माणसाच्या दिनक्रमातली कामे होती.

ल्यूथरपंथाची शिकवण या जगण्याला पोषक होती. मार्टिन ल्यूथर यांनी सोळाव्या शतकात धर्मगुरूचे काम आणि चांभाराचे किंवा गृहिणीचे काम यांतली उच्चनीचता नाकारली. प्रामाणिकपणे केलेला कोणताही व्यवसाय ही ईश्वराने दिलेली कामगिरी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी केलेला नव्या कराराचा जर्मन अनुवाद १५२२ मध्ये आणि संपूर्ण बायबल १५३४ मध्ये छापून निघाले. छापखान्याचा इतका मोठा वापर त्याआधी कोणत्याही धर्मचळवळीने केला नव्हता. संगीताला ते धर्मविद्येच्या खालोखाल मान देत. मुलांसाठी १५२९ मध्ये लिहिलेल्या लघु प्रश्नोत्तरीत प्रत्येक आज्ञेमागोमाग तिचा अर्थ विचारणारा प्रश्न येतो. ल्यूथरपंथी घरातली मुले पिढ्यान्‌पिढ्या ही प्रश्नोत्तरी पाठ करत आली आहेत. पाठ केलेल्या प्रत्येक वाक्याचा अर्थ आपल्याला सांगता आला पाहिजे, हे वळण त्यातून लागते.

क्नूथ शाळेत असतानाची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. एका मिठाई कंपनीने ‘झिग्लर्स जायंट बार’ या शब्दांतली अक्षरे वापरून जास्तीत जास्त शब्द तयार करण्याची स्पर्धा लावली होती. आठवीतल्या क्नूथ यांनी मोठा शब्दकोश पुढ्यात घेऊन सुमारे ४,५०० शब्द काढले. परीक्षकांच्या स्वतःच्या यादीत जेमतेम २,५०० होते. शब्दकोश पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळण्याची ही चिकाटी त्यांना जन्मभर पुरली. पुढे संगीत शिकण्यासाठी व्हॅलपरायझो या ल्यूथरपंथी विद्यापीठात जावे, असा एक विचार होता. पण १९५६ मध्ये त्यांनी क्लीव्हलंडच्या केस इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत भौतिकशास्त्राला प्रवेश घेतला. तिथे त्यांना आयबीएम ६५० हा संगणक भेटला आणि त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. १९६० मध्ये केसने त्यांना बी.एस. आणि एम.एस. या दोन्ही पदव्या एकाच वेळी दिल्या. १९६३ मध्ये कॅलटेकमधून त्यांनी गणितात पीएच.डी. मिळवली.

संगणकांचे कम्पायलर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारे प्रोग्राम, कसे लिहावेत यावर पुस्तक लिहा, असे ॲडिसन-वेस्ली या प्रकाशनसंस्थेने १९६२ च्या जानेवारीत त्यांना सुचवले. क्नूथ यांनी बारा प्रकरणांचा आराखडा केला. १९६५ च्या जूनमध्ये पहिला खर्डा पुरा झाला तेव्हा हाताने लिहिलेली पाने ३,००० झाली होती. मग एका पुस्तकाचे सात खंड करायचे ठरले. ‘द आर्ट ऑफ कम्प्यूटर प्रोग्रामिंग’चा पहिला खंड १९६८ मध्ये, दुसरा १९६९ मध्ये आणि तिसरा १९७३ मध्ये आला. पुढच्या वर्षी त्यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. तो स्वीकारताना केलेल्या भाषणात प्रोग्रामिंग ही कला आहे आणि सुंदर प्रोग्राम लिहिता येतात, हा मुद्दा त्यांनी ठासून मांडला.

या खंडांत कुठेही धर्माचा प्रचार नाही. त्यांतली सिद्धता नास्तिकाला पटते तशीच श्रद्धाळूलाही पटते. क्नूथ यांनी ही सीमा जाणीवपूर्वक पाळली. व्यवसायातल्या लेखनात ते ख्रिस्ती म्हणून बोलले नाहीत. उलट व्यवसायातली हत्यारे घेऊन ते बायबलकडे गेले. त्यांच्या बाबतीत देवघेवीची दिशा मुख्यतः ही आहे. श्रद्धा आणि विज्ञान यांच्यावरच्या नेहमीच्या वादांत बसणारे हे उदाहरण नाही, आणि त्याचे मोल नेमके इथेच आहे.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस क्नूथ यांनी आपल्या चर्चमध्ये रविवारचा बायबल अभ्यासवर्ग घेण्याचे अंगावर घेतले. अशा वर्गांत एखादे पुस्तक निवडून ते ओळीने वाचण्याची किंवा आवडते उतारे घेण्याची रीत असते. त्यात तीच ती परिचित वचने पुन्हा पुन्हा समोर येतात आणि बाकीचा प्रचंड भाग न वाचलेलाच राहतो. क्नूथ यांनी इथे संख्याशास्त्रातली नमुना पाहणी वापरायचे ठरवले. ‘द आर्ट’च्या दुसऱ्या खंडातले तिसरे प्रकरण याच विषयावर, म्हणजे यादृच्छिक संख्यांवर आहे, आणि मोठ्या समूहातून निःपक्षपाती नमुना कसा उचलावा याच्या रीती त्यात दिल्या आहेत. फार मोठा ऐवज पूर्ण तपासणे शक्य नसेल, तर त्यातले मोजके तुकडे आवडनिवड बाजूला ठेवून उचलावेत आणि तेवढेच तळापर्यंत तपासावेत, हे त्यामागचे तत्त्व.

निवडीचा नियम असा ठरला: बायबलच्या प्रत्येक पुस्तकातला तिसरा अध्याय काढायचा आणि त्यातले सोळावे वचन घ्यायचे. तिसऱ्या अध्यायात सोळा वचने नसतील, तर मोजणी तशीच चौथ्या अध्यायात चालू ठेवायची. संख्याशास्त्राच्या भाषेत हा स्तरित नमुना झाला. सगळी वचने एकत्र टाकून चिठ्ठ्या काढल्या असत्या, तर लांबलचक पुस्तकांना भरपूर वचने मिळाली असती आणि छोट्या पत्रांची पाटी कोरी राहिली असती. या नियमाने प्रत्येक पुस्तकाला एकच प्रतिनिधी मिळाला. तिसराच अध्याय आणि सोळावेच वचन का, याचे कारणही क्नूथ यांनी लपवले नाही. योहानाच्या शुभवर्तमानातले ३:१६ हे ख्रिस्ती जगातले सर्वांत परिचित वचन आहे. देवाच्या प्रेमाचे आणि पुत्रदानाचे ते वचन ल्यूथरपंथी मुलाला तोंडपाठ असतेच. निदान तेवढे एक तरी हमखास भरीव निघेल, अशी ही तजवीज होती. म्हणजे नमुन्यातले एक वचन आधीपासून ठाऊक होते आणि बाकीची नव्हती. शुद्ध संख्याशास्त्राच्या दृष्टीने ही एक सवलत आहे. पण ती उघडपणे घेतलेली सवलत आहे.

हा नियम चालू शकला याचे श्रेय एका मुद्रकाला जाते. मूळ ग्रंथांत अध्यायांचे आणि वचनांचे आकडे नव्हते. आजचे अध्याय तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टन यांनी पाडले असे मानतात. नव्या करारातल्या वचनांचे आजचे आकडे रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ मध्ये जिनिव्हात छापलेल्या आवृत्तीतून रूढ झाले. हिब्रू जुन्या करारात वचनांच्या सीमा पूर्वापार होत्या, आकडे नंतरचे. मजकुराचा अर्थ आणि त्याला पडलेला आकडा यांचे काहीच नाते नसल्यामुळे आकड्यावरून केलेली निवड अर्थाच्या बाबतीत आंधळी राहते. नमुना उचलणाऱ्याला हेच हवे असते.

प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके आहेत. त्यांपैकी सात या नियमातून गळाली. ओबद्या, फिलेमोन, योहानाचे दुसरे व तिसरे पत्र आणि यहूदा ही पाच पुस्तके एकेका अध्यायाची आहेत. हाग्गयाचे दोनच अध्याय आहेत. तीताला लिहिलेले पत्र तर तिसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या वचनावर संपते. एका वचनाने संधी हुकली. उरली ५९ वचने. संपूर्ण बायबलात सुमारे ३१,१०० वचने धरली, तर नमुना हजारी दोनपेक्षाही थोडा कमी भरतो.

या ५९ वचनांची यादी वाचताना नियमाची ताकद दिसते. पहिलेच वचन उत्पत्तीतले: स्त्रीच्या प्रसूतिवेदना आणि तिच्यावर पतीची सत्ता सांगणारे. शतकानुशतके वादाचा विषय झालेले हे वचन अभ्यासवर्गाची सुरुवात करायला कोणी आपणहून निवडले नसते. नीतिसूत्रांत ज्ञानाच्या उजव्या हाती दीर्घायुष्य आणि डाव्या हाती धन व मान असल्याचे वर्णन येते. उपदेशकाच्या वचनात न्यायाच्या आसनावरच दुष्टपणा बसलेला दिसतो. दानिएलमध्ये राजाच्या मूर्तीपुढे न झुकणारे तीन तरुण उत्तर देतात. कलस्सैकरांच्या पत्रात स्तोत्रे आणि गीते गाण्याचा उपदेश आहे. तिसरे स्तोत्र आठच वचनांचे असल्याने मोजणी चौथ्यात शिरते आणि शांतपणे झोपी जाणाऱ्या भक्ताच्या वचनावर थांबते. योनाच्या तिसऱ्या अध्यायात दहा वचने आहेत. पुढे सहा मोजली की रुसून बसलेल्या संदेष्ट्यावर सावली धरणारा वेल उगवतो. मीखाच्या तिसऱ्या अध्यायात बारा. तिथून चौथे वचन म्हणजे प्रत्येकजण आपल्या द्राक्षवेलीखाली आणि अंजिराखाली निर्भयपणे बसेल असे आश्वासन. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९० मध्ये न्यूपोर्टच्या यहुदी समाजाला लिहिलेल्या पत्रात याच वचनाचा आधार घेतला होता. आमोसात मात्र मोजणी चौथ्याच्या पहिल्याच वचनावर येते, आणि तिथे गरिबांना छळणाऱ्या शोमरोनमधल्या श्रीमंत स्त्रियांना संदेष्टा बाशानच्या गाई म्हणतो.

वचन ठरले की क्नूथ ग्रंथालयात जात आणि त्या एका वचनावर वेगवेगळ्या पंथांच्या भाष्यकारांनी काय लिहिले आहे ते वाचून काढत. १९८० च्या दशकाच्या मध्यावर बोस्टनमध्ये घालवलेल्या अभ्यासरजेत त्यांनी हे काम जोमाने पुढे नेले, कारण धर्मविद्येची मोठी ग्रंथालये तिथे हाताशी होती. हिब्रू आणि ग्रीक या भाषांत ते निष्णात नव्हते. तरी मूळ शब्द बायबलात आणखी कुठे कुठे येतो हे शब्दसूचीवरून शोधत, अनेक भाषांतरे शेजारी ठेवत, त्यांनी प्रत्येक वचनाचा स्वतःचा इंग्रजी अनुवाद केला. एकाच शब्दाच्या सगळ्या जागा तपासून त्याचा अर्थ बांधायचा, ही पद्धत प्रोग्राममधल्या एका चलाचा मागोवा घेण्यासारखीच आहे.

धार्मिक ग्रंथ आणि गणनयंत्र यांची गाठ याआधीही पडली होती, पण उलट्या टोकाने. इटलीतले येशूसंघी पाद्री रोबेर्तो बुसा १९४९ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन आयबीएमचे थॉमस वॉटसन यांना भेटले आणि संत थॉमस अक्वायनस यांच्या समग्र लेखनाची शब्दसूची छिद्रपत्रांच्या यंत्रांवर करण्यासाठी मदत मिळवली. तीस वर्षे चाललेल्या या कामातून ५६ खंडांची सूची निघाली. बुसा यांनी एकही शब्द न सोडता सारा ऐवज मोजला. क्नूथ यांनी जवळजवळ सगळा सोडून दिला आणि हजारातली दोन वचने धरून ठेवली. यंत्राच्या युगात धर्मग्रंथ वाचण्याच्या या दोन्ही रीती प्रामाणिक आहेत. मात्र बुसा यांना यंत्र लागले; क्नूथ यांनी संगणकशास्त्राची फक्त विचारपद्धती घेतली आणि वाचन माणसाच्या डोळ्यांनी, सावकाश केले.

याच काळात क्नूथ यांच्या आयुष्यात अक्षरांचा अध्याय चालू होता. १९७७ मध्ये ‘द आर्ट’च्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्यांच्या हाती आली. पहिली आवृत्ती शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेली होती. आता ते तंत्र मागे पडून फोटोजुळणी आली होती, आणि नव्या मुद्रितांतली अक्षरे व त्यांमधली अंतरे त्यांना पाहवेनात. पंधरा वर्षे खपून लिहिलेले पुस्तक असे दिसावे, हे त्यांना सहन झाले नाही. अक्षरजुळणी हा शेवटी शून्य आणि एक यांचाच, म्हणजे पानावर शाई कुठे पडावी आणि कुठे पडू नये याचाच प्रश्न आहे, हे लक्षात आल्यावर त्यांनी पुस्तक बाजूला ठेवले आणि जुळणीसाठी टेक व अक्षरे घडवण्यासाठी मेटाफाँट या दोन प्रणाली लिहायला घेतल्या. थोडक्यात आटोपेल असे वाटलेल्या या कामाने त्यांची जवळजवळ दहा वर्षे घेतली. इंग्रजी ‘एस’ या एका अक्षराचे वळण गणितात कसे बसवावे यावर त्यांनी १९८० मध्ये स्वतंत्र लेख लिहिला. प्रणाली लिहिताना झालेल्या चुकांची नोंद ठेवून तीही १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. दोन्ही प्रणाली त्यांनी जगाला विनामूल्य दिल्या. आपल्या पुस्तकातली चूक पहिल्यांदा दाखवून देणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश पाठवण्याची त्यांची रीत तर दंतकथेसारखी पसरली.

अक्षरांच्या नादातून त्यांची ओळख जर्मन सुलेखनकार हेरमान झाप्फ यांच्याशी झाली. पॅलाटिनो आणि ऑप्टिमा या टंकांचे हे निर्माते अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीसाठी ‘ऑयलर’ हा गणिती टंक घडवायला क्नूथ शिकवत त्या स्टॅनफर्ड विद्यापीठात आले होते. त्या ५९ वचनांचे पुस्तक करायचे ठरले, तेव्हा प्रत्येक वचन वेगळ्या सुलेखनकाराकडून लिहून घ्यावे ही कल्पना पुढे आली आणि झाप्फ यांनी जगभरातल्या नामवंतांना गळ घातली. कलाकारांनीही ती मानली. ‘३:१६ – बायबल टेक्स्ट्स इल्युमिनेटेड’ हे पुस्तक विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या ए-आर एडिशन्सने १९९० च्या सुमारास काढले. बायबलच्या प्रत्येक पुस्तकाला त्यात चार पाने आहेत: त्या पुस्तकाची ओळख, वचनाचे सुलेखन आणि मग वचनावरचे विवेचन. जुळणी अर्थातच टेकची. मूळ सुलेखने पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या सुलेखन संग्रहात गेली.

छापील अक्षराची निगा आणि धर्मश्रद्धा यांचे असे नाते महाराष्ट्राला अपरिचित नाही. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे सुबक खिळे पाडले ते मुळात धर्मग्रंथांच्या छपाईसाठी. तिथेच काम शिकलेल्या जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध व देखण्या छपाईत नाव कमावले. पंडिता रमाबाईंनी तर आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू आणि ग्रीक मुळावरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्या स्त्रियांच्या हातून हे बायबल १९२४ मध्ये छापून निघाले. क्नूथ यांच्या कामाचा देवनागरीशी थेट धागाही आहे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या फ्रान्स व्हेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये मेटाफाँट वापरून देवनागरी टंक तयार केला. त्याच्या जोरावर टेकमधून संस्कृत, हिंदी आणि मराठी मजकूर जोडाक्षरांसकट जुळवता येऊ लागला.

पुस्तक निघाल्यावरही क्नूथ या विषयावर सहसा व्याख्याने देत नसत. १९९९ च्या शरद ऋतूत मात्र मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने त्यांना ‘देव आणि संगणक’ या मालेसाठी बोलावले. ही माला जर्मन धर्मअभ्यासक आन फर्स्ट यांनी चालवली होती. त्या तिथल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत यंत्रमानव घडवणाऱ्यांबरोबर काम करत. क्नूथ यांनी सहा व्याख्याने दिली आणि २००१ मध्ये ती ‘थिंग्ज अ कम्प्यूटर सायंटिस्ट रेअरली टॉक्स अबाउट’ या नावाने पुस्तकरूपात आली. आपण धर्मविद्येतले तज्ज्ञ नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले. मग नमुना पाहणी, भाषांतर आणि सौंदर्यदृष्टी यांवर एकेक व्याख्यान झाले. तेवढी तिन्ही ‘३:१६’च्या अनुभवावर उभी होती, आणि मालेतला सर्वांत भरीव भाग तोच आहे.

शेवटच्या व्याख्यानात ते थेट देव आणि संगणकशास्त्र यांच्याकडे वळले. इथे त्यांनी सिद्धता दिली नाही. देवाचे अस्तित्व सिद्ध करता येत नाही हे बरेच आहे, असेच त्यांचे म्हणणे. शोध चालू राहण्यात त्यांना अर्थ वाटतो, आणि हातात सिद्धता पडली असती तर तो तिथेच संपला असता. त्याऐवजी त्यांनी संगणकशास्त्राने शिकवलेल्या काही गोष्टी समोर ठेवल्या. त्यांतली एक सांत संख्यांबद्दलची आहे. देव अनंत आहे असे आपण सहज म्हणून जातो; पण सांत संख्या किती मोठी असू शकते याची आपल्याला कल्पना असते का? मोठ्या संख्या लिहिण्यासाठी क्नूथ यांनी १९७६ मध्ये बाणांची एक खूण मांडली होती. दोन संख्यांत एक बाण म्हणजे घात. दोन बाण म्हणजे घातांची उतरंड: दहा, दोन बाण, तीन याचा अर्थ दहाचा घात दहा, त्याचाही घात दहा. ही संख्या लिहायची तर एकावर १,००० कोटी शून्ये द्यावी लागतील. तीन बाण ही उतरंडींची उतरंड होते. दहा आणि तीन यांच्यामध्ये चार बाण घातले की जी संख्या होते तिला क्नूथ ‘सुपर के’ म्हणतात. विश्वातल्या सगळ्या कणांची संख्या तिच्यापुढे नगण्य आहे, तरीही ती सांतच आहे. सर्वज्ञतेसाठी आणि सर्वशक्तिमानतेसाठी अनंताची गरज पडेलच असे नाही, ‘सुपर के’ इतकी क्षमताही माणसाच्या दृष्टीने पुरून उरेल, ही त्यांची सूचना होती. सनातनी धर्मपंडितांना ती पटणे कठीण आहे. पण रोज सांत यंत्रांशी व्यवहार करणाऱ्याच्याच मनात येईल असा हा विचार आहे, आणि या मालेतला खरोखर नवा विचार म्हणायचा तर तो हाच.

संगणकाच्या क्षेत्रात इतरांनीही आपली ख्रिस्ती श्रद्धा कामाशी जोडली आहे. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ च्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’मध्ये निर्मितीच्या टप्प्यांबद्दल लिहिताना डोरोथी सेयर्स यांच्या धर्मविचाराचा आधार घेतला. भाषाशास्त्र शिकलेल्या लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये आणलेल्या पर्ल या भाषेच्या नावामागे शुभवर्तमानातला मौल्यवान मोत्याचा दाखला आहे. तिच्यात ‘ब्लेस’ नावाची आज्ञाही आहे. वॉल यांनी श्रद्धेतले शब्द कामात आणले. क्नूथ यांनी ते कटाक्षाने टाळले. फक्त १९७४ च्या ‘सरियल नंबर्स’ या छोट्या कथेत, जॉन कॉनवे यांच्या संख्यापद्धतीची ओळख करून देताना, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाची घडण त्यांनी मोकळेपणाने वापरली.

क्नूथ यांच्या पत्नी जिल यांचेही काम या संदर्भात नोंदवायला हवे. १९६१ मध्ये त्यांचा विवाह झाला. चर्चमध्ये लावायच्या कापडी पताकांवर अक्षरे न घालता केवळ रंग आणि आकार यांतून आशय कसा उभा करावा, यावरचे त्यांचे ‘बॅनर्स विदाउट वर्ड्स’ हे पुस्तक १९८६ मध्ये निघाले.

राहिला ऑर्गन. मराठी संगीत रंगभूमीवर जो ऑर्गन वाजत असे त्यात पत्त्यांचे सूर असत आणि भाता पायाने चाले. युरोपीय चर्चमधला पाइप ऑर्गन हे निराळेच वाद्य आहे. त्यात प्रत्येक सुरासाठी स्वतंत्र नळी लागते. स्टॅनफर्डजवळच्या आपल्या घरी क्नूथ यांनी लॉस एंजेलिसच्या ॲबट आणि सीकर यांच्याकडून असा ऑर्गन बांधून घेतला. त्यात १६ संच आणि ८१२ नळ्या आहेत. योहानाला झालेले प्रकटीकरण, म्हणजे बायबलचे शेवटचे पुस्तक, संपूर्णपणे ऑर्गनसंगीतात उतरवावे ही कल्पना त्यांच्या मनात १९६० च्या दशकापासून होती. १९९३ मध्ये ते स्टॅनफर्डमधून निवृत्त झाले, आणि ‘द आर्ट’चे उरलेले खंड लिहीत असतानाच काही वर्षांनी त्यांनी हे कामही हाती घेतले.

‘फँटाझिया अपोकॅलिप्टिका’ ही रचना प्रकटीकरणाच्या २२ अध्यायांमधून ग्रीक मजकुराच्या क्रमानेच जाते. मजकुरातल्या पात्रांना, वस्तूंना आणि कल्पनांना स्वरांचे ठरावीक आकृतिबंध नेमून दिलेले आहेत, आणि ते पात्र पुन्हा आले की त्याचे सूरही येतात. प्रकटीकरणात सात मंडळ्या, सात शिक्के, सात कर्णे, चार प्राणी, चोवीस वडील असे आकडे ओळीओळीत आहेत, आणि संगीताची बांधणी त्या आकड्यांनाही दाद देते. नियम ठरवून मजकुरावर चालवायचे आणि निघेल ते कानाला सुंदर लागेपर्यंत घासत राहायचे, ही रीत मेटाफाँटमध्ये अक्षरे घडवणाऱ्याला सवयीची होती. पहिला जाहीर प्रयोग १० जानेवारी २०१८ रोजी, क्नूथ यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, स्वीडनमधल्या पितेओ शहरात झाला. कॅनडातले ऑर्गनवादक यान ओव्हरडाइन यांनी तो वाजवला.

२०२२ मध्ये ‘द आर्ट’च्या चौथ्या खंडाचा दुसरा भाग बाहेर आला. सात खंडांचे मूळ काम त्यानंतरही पुढे चालू राहिले.